माहेरचं मांजर

हट्टी माणसं जगात पुष्कळ असतील, पण उभा जन्म स्वतःच्या बायकोशी मांजराच्या मध्यस्थीने भांडलेला, आणि त्याच मध्यस्थीने संसारही नीट करून दाखवलेला माणूस माझ्या साडूंखेरीज दुसरा झाला नसावा. साडू हे नातंच मुळात चमत्कारिक. रक्ताचं नाही, निवडीचंही नाही; दोन परक्या पुरुषांना एका घरच्या बहिणींनी एका दावणीला बांधलेलं. मी मूळचा निपाणीचा. तंबाखूच्या वखारीत कारकुनी करण्यात माझी हयात गेली आणि नोकरी संपल्यावर बायकोच्या हट्टापायी बेळगावात, वडगावला येऊन राहिलो, कारण दोन गल्ल्या पलीकडे तिची थोरली बहीण राहायची. तिला सगळेच आक्का म्हणत, मीही म्हणायचो. या आक्कांचे यजमान ते माझे साडू. घराच्या पुढच्या सोप्यात त्यांचे दोन माग दिवसभर खडखडत असायचे आणि त्या आवाजात चारचौघांसारखं बोलायची सोयच नसल्यामुळे साडूंना मोठ्यांदा आणि थोडकं बोलायची सवय लागली होती. ती सवय त्यांनी देवळात, लग्नात आणि दवाखान्यातही सोडली नाही. आजारी माणसाला भेटायला गेले की दारातूनच "कसं हाय?" म्हणून असे ओरडत की शेजारच्या खाटेवरचा पेशंटही उठून बसायचा.

साडूंचा पहिला आणि सर्वांत मोठा हट्ट मराठीचा. आमच्या सीमाभागात हा हट्ट नवा नाही, पण इतरांचा हट्ट मोर्च्याच्या दिवशी चढायचा आणि दुसऱ्या दिवशी बाजारात कोथिंबीर घेताना उतरायचा. साडूंचा चढला तो चढलाच. बेळगावात जन्म काढलेला माणूस, त्याला कन्नड येत नाही हे शेंबडं पोरसुद्धा मानणार नाही. पण साडू कुठल्याही कचेरीत गेले की पहिलं वाक्य ठरलेलं: "मला कन्नड येत न्हाय." अर्ज मराठीत. साहेबाने तो बाजूला सारला तर साडू बाकावर बसून राहायचे, डबा सोडून तिथेच जेवायचे, आणि संध्याकाळी शिपाई कुलूप घेऊन आला की उद्या येतो म्हणून सांगून निघायचे. एका कचेरीतल्या एका कारकुनाशी तर त्यांचं हे युद्ध इतकी वर्षं चाललं की तो कारकून रजेवर असला तर साडू अर्ज न देताच परत यायचे. दुसऱ्याशी भांडण्यात त्यांना गोडी वाटत नसे.

अशा माणसाला बायको मिळाली ती खासबागच्या कन्नड बोलणाऱ्या विणकराच्या घरातली. आमच्याकडे हे असंच असतं. पोटाचा धंदा एक असला की भाषेचं कुणी फारसं मनावर घेत नाही. पण साडूंनी घेतलं. लग्नाच्या बोलणीत देण्याघेण्याचा विषय निघायच्या आत त्यांनी आपली एकच अट सांगून टाकली, की आमच्या घरात मराठीच बोलावं लागेल. सासऱ्यांनी मुलीकडे पाहिलं. मुलीने मान डोलावली आणि आपलीही एक अट सांगितली, की मी येताना माझं मांजर आणीन. याला कुणी नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. मागाच्या सुताला खळ लावतात, खळ म्हणजे पिठाची पेज, आणि तिच्या वासाने उंदीर येतात. एका रात्रीत ते मागावरचं उभं सूत, म्हणजे ताणा, असा कुरतडून ठेवतात की महिन्याची मेहनत मातीत. त्यामुळे विणकराच्या घरात मांजर हे लाडाचं नसून कामाचं असतं. वरपक्षाला वाटलं, पोर मोठी व्यवहारी दिसते.

वरात आली, आक्का झाकणाची दुरडी घेऊन उंबरा ओलांडून आत आल्या, दुरडी उघडली आणि आतल्या मांजराला स्वच्छ, मधाळ कन्नडमध्ये म्हणाल्या की बाई गं, हेच आता आपलं घर, भिऊ नकोस. साडू जागच्या जागी ताठ झाले. ठरलेलं काय आणि हे काय, असं त्यांनी विचारलं. त्यावर आक्का तितक्याच स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "माणसांसंगं मराठी बोलायचं ठरलंय. मांजराचं कुठं ठरलंय?" सगळी वरात हसली. साडू एकटे हसले नाहीत, पण त्यांना उत्तरही सुचलं नाही, आणि ते पुढे आयुष्यभर सुचलं नाही.

त्या मांजराचं नाव पुट्टी. पुट्टी म्हणजे कन्नडमध्ये छोटी, बाळ. ती पुट्टी म्हातारी होऊन मेली तेव्हा तिची लेक पुट्टी झाली, मग तिची लेक, अशा पुट्ट्या त्या घरात पिढ्यानपिढ्या झाल्या. राजघराण्यात नसेल इतकी शिस्तीची वंशावळ. आणि प्रत्येक पुट्टीशी आक्का कन्नडच बोलल्या. नवऱ्याशी, मुलीशी, गिऱ्हाइकाशी, देवाशीसुद्धा मराठी. साडूंच्या देखत कन्नड फक्त मांजराशी. आता बाईमाणसाला संसारात जे जे बोलायचं असतं ते सगळंच काही नवऱ्याच्या तोंडावर बोलता येत नाही. ते सगळं आक्का पुट्टीला सांगायच्या, नवरा दोन हातांवर बसलेला असताना. पुट्टी, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाणी गळतंय, पण या घरात डोळे फक्त तुला आणि मला आहेत. पुट्टी, बहिणीच्या पोराचं बारसं रविवारी आहे, कुणाला आठवण असेल तर बघ. साडूंना यातला शब्द न् शब्द कळायचा. पण कन्नड येत नाही म्हटल्यावर कळून उपयोग काय? उत्तर द्यावं तर गावभर सांगितलेलं खोटं ठरणार. ते सुताच्या कांड्या मोजत बसायचे. दुसऱ्या दिवशी मात्र शिडी लावून कौलांवर चढलेले दिसायचे. काय करताय म्हणून कुणी विचारलं तर म्हणायचे, "काय न्हाय, सहज."

संध्याकाळी माग बंद झाले की आक्का ताटं घ्यायच्या आणि चुलीजवळ बसलेल्या मांजराला विचारायच्या, "ऊट आतेनवा, पुट्टी?" म्हणजे जेवण झालं का गं. मांजराचं जेवण केव्हाच झालेलं असायचं. हे त्यांनाही ठाऊक, मांजरालाही ठाऊक. पण हा प्रश्न कानावर पडला की साडू हात धुऊन पाटावर येऊन बसायचे. रोज हाच प्रश्न, रोज हेच हात धुणं. उत्तर त्यांनी एकदाही दिलं नाही.

आमच्या घरात असली काही अट नव्हती. निपाणीला वखारीच्या धबडग्यात भाषेबद्दल अटी घालायला सवड कुणाला होती? माझी बायको सोयीने मराठी बोलत गेली आणि तिचं कन्नड फक्त आक्कांसाठी उरलं. साडूंच्या मागाच्या खडखडाटाआड दोघी फोनवर तासभर बोलत. दोघींचा आवाज इतका सारखा की एकदा मी बायको समजून आक्कांनाच फोनवर डाळ करपल्याबद्दल चांगलं झापलं. त्या शांतपणे सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या की बरं, सांगते तिला.

साडूंची दुसरी खोड म्हणजे कापड. समोर माणूस आला की ते आधी चेहरा बघायचे नाहीत. सदऱ्याची बाही चिमटीत धरून चोळायचे आणि मग वर बघायचे. लग्नात नवरदेवाचा शेला, कीर्तनकाराचं उपरणं, देवाच्या अंगावरचं वस्त्र, काही सुटलं नाही. कुणाला सुती म्हणून पॉलिस्टर खपवलेलं सापडलं की त्यांना मनापासून दुःख व्हायचं. पुढे कॅनडाच्या व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला गेले, तेव्हा तिथल्या तरुण मुलाने यांचा हात धरला, तर यांनी दुसऱ्या हाताने त्याची बाही धरली आणि तीही चोळून पाहिली. पोरगा घाबरला. "चांगला हाय," साडू म्हणाले, "गार पाण्यात धू."

पण मी पुढचं आधी सांगतोय. आधी आक्का गेल्या. फार आजारल्या नाहीत. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत दिवा विझला. साडू रडले नाहीत. त्यांनी माग बंद केले, कारण कांड्या भरायला आक्का बसायच्या आणि त्या जागी दुसरं कुणी बसलेलं त्यांना बघवेना. ज्या घरात बोलायला ओरडावं लागायचं ते घर एकदम गप्प झालं. साडूंचा आवाज मात्र तेवढाच मोठा राहिला आणि त्या रिकाम्या घरात तो फार विचित्र वाटायचा. पुट्टीने खाणं सोडलं. ती चुलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायची. आम्ही दूध ठेवलं, सुकट ठेवली. मला मांजरांचा तसा तिटकारा, तरी मी बाजारातून बांगडा आणून काटे काढून समोर धरला. तिने हुंगलासुद्धा नाही.

एका संध्याकाळी मी जेवणाचा डबा घेऊन गेलो. दार लोटलेलं होतं. आत कुणी बाई बोलतेय असं वाटून मी पायरीवरच थांबलो. फटीतून पाहिलं तर बाई नव्हती, साडू होते. हा माणूस हळू बोलू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. ते चुलीपाशी उकिडवे बसले होते आणि मांजराला विचारत होते, "ऊट आतेनवा, पुट्टी?" शब्द आक्कांचे, हेल आक्कांचा, शेवटी किंचित वर जाणारा सूरही आक्कांचा. पुट्टीने मान वळवली, उठली आणि वाटीतलं दूध प्यायली. मी डबा पायरीवर ठेवून तसाच घरी आलो. बायकोला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. ती भाकरी तव्यावर जायच्या आधी फाटली. आक्का गेल्यापासून तिचंही कन्नड बंद पडलं होतं, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

त्यानंतर साडूंचं आणि पुट्टीचं बोलणं रोजचं झालं. मी कट्ट्यावर बसलेला असलो की मात्र बंद. माझ्यापुढे ते मांजराकडे बघायचेही नाहीत. मी निघून कोपरा वळलो की आतून आवाज यायचा. मीही मग कोपऱ्यावर जरा रेंगाळायचो. आमचा दिवस साधा होता. सकाळी मी पेपर घेऊन जायचो, संध्याकाळी नुसताच जायचो, आणि दोघे शेजारी बसून सायकली, स्कूटरी बघायचो. फार बोलायचो नाही. साडूंपाशी न बोलता बसता यायचं.

मग कॅनडाहून साडूंच्या लेकीचा फोन आला. एकुलती एक लेक. तिकडे नवरा-बायको दोघं नोकरीला, एक लहान नात. बाबांना एकटं ठेवायचं नाही, असं तिने ठरवूनच टाकलं होतं. साडू तयार झाले, पण त्यांनी मांजर घेऊन येईन असं सांगितलं. लेकीला वाटलं बाबा थट्टा करतायत. मग वाटलं, म्हातारपणाचा चळ आहे. शेवटी तिने मला फोन केला की काका, तुम्हीच समजवा. मी गेलो. म्हटलं, पुट्टीला आमच्याकडे ठेवा. माझं काही नाही, पण बायकोला मांजरांची सवय आहे, ती कन्नडही बोलेल पुट्टीशी, मांजर मजेत राहील. साडूंनी समोरच्या बंद मागावरची धूळ बोटाने पुसली.

"पावणं, मांजर ऱ्हाईल वं तुमच्याकडं," ते म्हणाले. "मी तिकडं कुणासंगं बोलू?"

मी म्हणालो की लेक आहे, जावई आहे, नात आहे.

"त्यांच्यासंगं माझं बोलनं बोलंन. हिचं बोलनं कुणासंगं बोलू?"

यावर मी काय समजावणार? आक्कांची भांडी होती, लुगडी होती, भिंतीवर फोटो होता. पण त्यांचं बोलणं त्या घरात एकाच ठिकाणी उरलं होतं, आणि ते मांजर ऐकतंय तोवरच ते उरणार होतं. मी लेकीला फोन करून सांगितलं की बाई, दोन माणसं येताहेत असं समज.

मांजर परदेशी न्यायचं म्हणजे काय असतं याची मला कल्पना नव्हती. माणसाला एक वेळ कुणी विचारत नाही. पुट्टीला पिसाळू नये म्हणून सुई टोचली, मानेत तांदळाएवढी चिप बसवली, तिचा पुढून आणि बाजूने फोटो काढला. विमानात मांजर मांडीजवळ ठेवायला मिळणार होतं, पण पिशवीसकट ठरावीक वजनाच्या आतच. पुट्टी भरदार, पिढ्यानपिढ्या दूधभातावर पोसलेली. साडूंनी अडगळीतून सूत तोलायचा काटा काढला. एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात पुट्टी. ती पारड्यात बसायची ती हिंदकळल्याबरोबर उडी मारून बाहेर. मग साडू आपण तिला उचलून रेशन दुकानाच्या काट्यावर उभे राहू लागले आणि दुकानदाराने त्यांचं वजन वजा करून सांगायचं असं ठरलं. मांजराचा दूधभात कमी झाला. गंमत अशी की पुट्टी दोन महिन्यांत जेमतेम मूठभर उतरली आणि साडूंचा सदरा मात्र अंगावर लोंबायला लागला. तिला उपाशी ठेवून यांना घास जात नव्हता.

शेवटी सरकारी जनावरांच्या दवाखान्यातून तब्येतीचा दाखला घ्यायचा होता. मी बरोबर गेलो. आत शिरलो आणि बघतो तर टेबलामागे साडूंचा जुना वैरी, तो कारकून. बदल्या होत होत इथे येऊन पोचला होता आणि केस पांढरे झाले होते. दोघांनी एकमेकांना ओळखलं. साडूंनी खिशातून अर्ज काढला. मराठीत होता. "मला कन्नड येत न्हाय," ते म्हणाले. कारकुनाच्या तोंडावर एक प्रकारचं समाधान पसरलं, बऱ्याच दिवसांनी गाववाला भेटावा तसं.

तेवढ्यात कुणाचं तरी कुत्रं भुंकलं, पुट्टीने पिशवीची चेन ढोसून उघडली आणि ती कागदांच्या कपाटावर जाऊन बसली. कपाट जवळजवळ छताला टेकलेलं. शिपायाने स्टूल आणलं, ती फिसकारली. मी छत्रीची मूठ पुढे केली तर साडू माझ्यावरच खेकसले. मग त्यांनी मराठीत बोलावलं. पुट्टे, खाली ये. ये की गं. पुट्टी त्यांच्याकडे असं बघत होती की हे गृहस्थ कोण. डॉक्टर निघायच्या घाईत होते. आज दाखला नाही तर तिकिटाचा दिवस चुकणार होता. दाराशी म्हशीवाले, शेळ्यावाले गोळा झाले. त्यांत चार जण साडूंना ओळखणारे, मोर्च्यात यांच्या मागे चाललेले. साडूंनी एकवार सगळ्यांकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, आणि वर बघून हळूच म्हणाले, "बारवा, पुट्टी. ऊट आतेनवा?"

पुट्टी कपाटावरून स्टुलावर, स्टुलावरून साडूंच्या खांद्यावर आली आणि तिने त्यांच्या मानेत तोंड खुपसलं. साडू मान खाली घालून उभे राहिले. मला वाटलं, आता हा कारकून आयुष्यभराचं उट्टं काढणार. कारकून टेबलामागून उठून जवळ आला आणि मराठीत, आणि बऱ्या मराठीत, म्हणाला, "आप्पा, हे घरातल्या बाईमाणसाचं कन्नड हाय. मंडळी कुठं असत्यात?"

"गेली," साडू म्हणाले.

कारकुनाने खुर्ची पुढे ओढून दिली. फॉर्म त्याने स्वतःच भरला, एकेक प्रश्न मराठीत विचारून. मालकाला कन्नड येत नाही, असं त्याने मोठ्यांदा डॉक्टरांनाही सांगितलं, दारातल्या लोकांना ऐकू जाईल इतकं. निघताना साडूंनी त्याची बाही चिमटीत धरली, चोळली, आणि सोडली.

ते गेले त्या दिवशी गल्ली जमली होती. साडूंचं सामान एका बॅगेत मावलं. दुसरीत पुट्टीची वाटी, तिचं गोणपाट आणि आक्कांचं एक जुनं लुगडं तिला अंथरायला. माझ्या बायकोने पिशवीच्या जाळीला हात लावला. साडू माझ्याकडे वळले, माझ्या सदऱ्याची बाही चोळली आणि म्हणाले की पावणं, ही आता विरलीय, नवा शिवा. गाडी वळून गेल्यावर मी सवयीने त्यांच्या कट्ट्यावर जाऊन बसलो. मागे कुलूप. खरं सांगायचं तर मला तेव्हा रडू आलं. मी स्कूटरीच्या धुरावर ढकललं.

विमानातला प्रसंग त्यांनीच पुढे फोनवर सांगितला. वाटेत पुट्टी कुरकुरायला लागली, तेव्हा हे पिशवीवर वाकून तिच्याशी बोलत होते. शेजारी हुबळीकडचा एक तरुण होता. आपल्या भाषेचं माणूस भेटलं म्हणून त्याला भरतं आलं आणि तो कन्नडमध्ये गाव, घर, पोरंबाळं सगळं विचारायला लागला. साडू ताठ बसले आणि म्हणाले, "मला कन्नड येत न्हाय. हे मांजराचं हाय." पुढचा सगळा प्रवास तो बिचारा खिडकीकडे तोंड करून बसला होता.

सुरुवातीला फोन मजेचे असायचे. बर्फ पडतंय, बर्फाला वास नसतो, लोकांच्या अंगावर सगळं पॉलिस्टर. मग ते फोन आखूड होत गेले. लेक-जावई सकाळी बाहेर पडत, नात शाळेला जाई, आणि काचा इतक्या जाड की रस्त्यावरची गाडीही ऐकू येत नसे. माणूस दिसतं, पण चाललेलं ऐकू येत नाही, असं ते म्हणाले. नात गोड होती, पण आजोबांचं मराठी तिला अर्धंच कळायचं. आणि एक दिवस त्यांनी सांगितलं की पुट्टी पलंगाखाली जाऊन बसलीय आणि बोलावून येत नाही. दोन दिवस खाल्लं नाही. मांजराच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं, त्याला काही सापडलं नाही.

"माझं ऐकंना झालीया," ते म्हणाले. इतक्या हळू की मला फोन कानाला दाबावा लागला. "माझं तोंडच इसरलं की काय कुणास ठाऊक. हिच्यासारखं निघंना."

मी काही बोलायच्या आत बायकोने फोन माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाली, "दाजी, फोन पलंगाखाली धरा." आणि मग ती बोलायला लागली. आक्का गेल्यापासून आमच्या घरात न ऐकलेलं कन्नड, तोच आवाज, तोच हेल. पुट्टी, यव्वा, माझे बाई, कुठे बसलीस जाऊन, अशी सुरुवात करून तिने माझ्या सगळ्या तक्रारी तिला सांगितल्या. मी गिझर बंद करत नाही, मी औषध घेतो म्हणून सांगतो आणि घेत नाही, संध्याकाळी बंद घराच्या कट्ट्यावर जाऊन एकटा बसतो. मला सगळं कळत होतं. निपाणीच्या बाजारात कान तेवढे तयार झालेले. पलीकडून सरपटल्याचा आवाज आला, आणि मग साडूंचा, की आली, फोनच्या मागं जाऊन हुंगाय लागलीया, आत कोन बसलंय बगतीया.

तेव्हापासून रविवारची सकाळ ठरून गेली. इथे आमची सकाळ, तिथे त्यांची रात्र. बायको फोन लावते, साडू तो जमिनीवर ठेवतात, आणि ती पुट्टीशी बोलते. साडू मध्ये कधी बोलत नाहीत. जवळ बसलेले असतात एवढं कळतं, कारण मधूनच खोकतात. बोलणं संपलं की फोन उचलून म्हणतात, बरं हाय, ठेवतो. मी शेजारी चहा ढवळत बसतो. वयाच्या या टप्प्यावर माझे दोष दर आठवड्याला सातासमुद्रापार पोचतात, पण मी तक्रार करत नाही.

गेल्या रविवारी बायकोने फोन लावला तेव्हा साडूंनीच सांगितलं की मांजर झोपलंय. हीटरपाशी आक्कांच्या लुगड्यावर. उठवू नका दाजी, ही म्हणाली, पुढच्या वेळी बोलेन. मला वाटलं, आता ते "बरं हाय, ठेवतो" म्हणणार.

"झोपू दे तिला," साडू म्हणाले. "पन धाकटे, तू बोल की."

माझी बायको माझ्याकडे बघायला लागली. मी दुसरीकडे पाहिलं. मग तिने पदर सारखा केला आणि नेहमीच्याच सुरात विचारलं, "ऊट आतेनवा, पुट्टी?"

आमच्या ओट्यावर चहाचं आधण नुकतंच उकळायला लागलं होतं.

"आतु," साडू म्हणाले. झालं. आणि मग थांबत, अडखळत, इतकी वर्षं जिभेच्या मागे ठेवलेलं असावं तसं, "निंदु?" म्हणजे तुझं?

ही फोन धरून बसून राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाजात तिने ते येऊ दिलं नाही. "नंदु आतु," ती म्हणाली, माझंही झालं. आमचा सकाळचा चहासुद्धा व्हायचा होता. मी उठलो आणि गॅस बारीक केला.